‘त्याला काय कळलं असेल?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला घेऊन आम्ही ओल्ड गोव्याचं से कॅथेड्रल बघून आलो, त्या लेखावर तुम्ही भुसावळहून भली मोठी प्रतिक्रिया पाठवलीत. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की अशा मुलांना शांततेच्या ठिकाणी नेऊन इतरांना त्रास देऊ नये. जवळचं पद्मालयाचं गणपती मंदिर सोडून गोव्याचं चर्च कशाला? मुलाच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडू नयेत. व्हीलचेअरवाल्यांसाठी काही माहिती द्यायला हवी होती. आणि मधोमध हे वाक्य: ‘त्या बिचाऱ्याला त्यातलं काय कळलं असेल, हौस तुमचीच!!!’ वर ‘देव तुम्हाला शक्ती देवो’ म्हणून हात जोडलेलं चित्र.

व्हीलचेअरचा मुद्दा रास्त आहे. दाराशी पायऱ्या आहेत, सोबत धरायला माणूस हवा. हे लेखात जोडते.

आता त्या वाक्याकडे येते. तीन उद्गारचिन्हं देऊन एखाद्या आईला ‘हौस तुमचीच’ म्हणायचं आणि लगेच हात जोडायचे, ही कुठली रीत? टीका करायची तर सरळ करा, मी ऐकून घेईन. कळवळ्याच्या पदराखाली टोमणा मारू नका. माझ्या मुलाला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. त्याला काय कळतं याचा निकाल मात्र घरबसल्या देऊन मोकळे झालात.

त्याला काय कळलं ते सांगते. या कॅथेड्रलचं बांधकाम 1562 मध्ये सुरू झालं आणि 1619 मध्ये पुरं झालं. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते. त्यातला एक 1776 मध्ये कोसळला, तो पुन्हा कुणी बांधलाच नाही. त्यामुळे आज समोरून पाहिलं तर इमारत एका अंगाने उंच आणि दुसऱ्या अंगाने बोडकी दिसते. हे मी लेखासाठी वाचून ठेवलं होतं, त्याला काही सांगितलं नव्हतं. आमच्या घरी दारातल्या चपला रोज तोच जोडीने लावतो. एक पायताण कमी असलं तर ते सापडेपर्यंत जेवत नाही. तिथे अंगणात उभा राहून त्याने आधी मनोऱ्याकडे बोट केलं, मग हात सरकवत रिकाम्या बाजूला नेला आणि म्हणाला, ‘दुसरा नाही.’ दिवसाकाठी चार शब्द बोलणारं पोर आहे ते. आमच्या शेजारी उभे असलेले लोक फोटो काढून आत निघून गेले होते. त्यांना काय कळलं, हे तुम्ही विचारलं नाहीत.

आत गेल्यावर तो भिंतीला तळवा टेकवून थेट वेदीपर्यंत चालत गेला. जवळपास 76 मीटर लांब आहे ती इमारत. मधे थांबून तो बारीक गुणगुणला आणि आवाज वरून परत येतो का, ते ऐकत राहिला. मुख्य वेदीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या चौकटींत संत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. त्यापुढे तो बसला आणि हलायलाच तयार होईना. मी त्याला बोलावलं नाही. त्याला दुसऱ्या कुणी घाई केलेली मला आवडत नाही, मग मी तरी का करू?

‘काय कळणार याला’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकतेय असं समजू नका. तो तीन वर्षांचा असताना एका डॉक्टरांनी त्याच्या देखत म्हटलं. शाळेत प्रवेश नाकारताना म्हटलं गेलं. लग्नाची पत्रिका हातात देऊन ‘तुम्ही दोघंच या हं’ म्हणणारे सोयरे तेच सांगत असतात, फक्त गोड बोलून. रात्र रात्र लेक कान दाबून रडतो आणि आपल्याला कारण सापडत नाही, अशी एक तरी रात्र तुम्ही काढली आहे का? नसेल, तर हौस कुणाची हे ठरवायच्या भानगडीत पडू नका.

इतरांच्या त्रासाचं म्हणाल, तर तयारी करूनच गेलो होतो. गोवा एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधीच मोबाइलवर दार, बाकं, वेदी असे फोटो क्रमाने दाखवून ठेवले होते, म्हणजे नवीन जागेची धास्ती कमी होते. सहलीच्या बसेस यायच्या आत पोचलो. मिसा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू नव्हती. उरलेल्या मनोऱ्यात ती मोठी ‘सोन्याची घंटा’ आहे, म्हणून कानावरचे हेडफोन पिशवीत हाताशी ठेवले होते. रस्त्यापलीकडच्या बॉम जीझसमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला रांग होती, तिकडे मुद्दाम फिरकलोच नाही. त्याच्या गुणगुणण्याने कुणाची शांतता मोडली म्हणता? कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

आणि कुणी बघितलं असतं तरी आम्ही गेलोच असतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत, त्यात स्वमग्नता आहे. कलम 29 संस्कृती आणि करमणुकीबद्दलच आहे. माझ्या मुलाला तिथे उभं राहायला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही, तुमच्या तर नाहीच.

पद्मालयाला आम्ही जातो. तिथले दोन गणपती त्याला फार आवडतात. म्हणून गोवा बघायचं नाही, असं थोडंच आहे?

चव्हाट्याचं म्हणाल, तर मी त्याचं नाव लिहीत नाही, फोटो टाकत नाही. तो आमच्या घरातला निर्णय आहे.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. मुद्दा घेऊन परत लिहिलंत तर उत्तर देईन. ‘बिचारा’ लिहून आलात, तर ती छापणार नाही.