जरा येऊन बघून जा

दिवसा तालुक्याला नोकरी आणि संध्याकाळी घरच्या घरी कॉम्प्युटर दुरुस्ती, असा जोडधंदा मनात घोळत असेल तर आधी तुमचं अभिनंदन. भांडवल जवळजवळ लागतच नाही. एक स्टार स्क्रूड्रायव्हर, एक रंगाचा ब्रश, पोराच्या कंपासपेटीतला खोडरबर आणि पंचक्रोशीभर पसरलेले नातेवाईक. मालवण-कुडाळकडे राहत असाल तर यातली शेवटची गोष्ट विकत आणावी लागत नाही.

खोडरबराला हसू नका. समुद्राजवळच्या घरात मशीन चालू केलं की पंखा फिरतो, पडद्यावर मिट्ट काळोख आणि आतून बीप बीप. अशा वेळी पुष्कळदा रॅमच्या, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या, पट्टीवर खाऱ्या, दमट हवेची पुटं चढलेली असतात. पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, भुगा झाडायचा, पट्टी टक्कन आवाज येईतो परत दाबायची. मशीन सुरू! आणि तुमचा धंदा तिथेच बुडाला. घरातली सगळी माणसं भोवती उभी राहून बघत होती ना. 'पुसलंस आणि झाला? ह्या आमका पण येता.' पुसण्याचे पैसे कोण देतो? म्हणून शहाण्याने मशीन घरी न्यावं, चार दिवस पडवीत झाकून ठेवावं आणि परत देताना कपाळाला आठ्या घालून 'मदरबोर्डच गेला होता, कसाबसा वाचवला' म्हणावं. ज्ञान लपवलं तरच त्याला किंमत येते, हे गावातल्या वैद्यांना कधीच कळलेलं आहे.

कॅबिनेट उघडताना तोंड जरा लांब ठेवा. आत मुंग्यांची वसाहत असते, आणि पॉवर सप्लायमध्ये एखादी पाल शॉर्ट होऊन चिकटलेली. पाल गिऱ्हाइकाला जरूर दाखवा. आठवडाभर गावात तुमचंच नाव निघेल. पैसे निघणार नाहीत, ती गोष्ट वेगळी.

खरा हंगाम मात्र विजांचा. मेअखेरीचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दोन वेळांना राउटर आणि मदरबोर्डचे लॅन पोर्ट, म्हणजे नेटची वायर खुपसायची भोकं, धडाधड जळतात. 'अर्थिंग आहे का?' असं विचारून बघा. 'म्हणजे काय! तीन पिनांचो बोर्ड आसा.' बोर्ड असतो, फक्त तिसऱ्या भोकाच्या मागे वायर नसते. कुणी हौसेने मीठ-कोळसा घालून खड्डा केलेला असलाच, तर जांभ्यात तो उन्हाळाभर कोरडा ठणठणीत पडतो. त्यात बादलीभर पाणी ओतत जा म्हणाल, तर तुम्हाला वेड्यात काढतील. पाणी माडांना कमी पडतंय, ते खड्ड्याला कुठून घालणार?

सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊच नका, आणि गेलात तर खरं बोलू नका. विंडोज टेनचा मोफत आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज अकराला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि तुमच्या मशीनमध्ये ती नाही, हे शेजारच्या तात्यांना समजावण्यात एक संध्याकाळ जाईल. तात्या शांतपणे ऐकून घेतील. मग विचारतील, 'पण फुकटचा टाकशील मां?' त्यांच्याकडे अजून विंडोज सेव्हन आहे, आणि त्याचा आधार २०२० च्या जानेवारीतच संपलाय.

एकदा हात लावलात की त्या घरातल्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी तुमची. 'तू हात लावलंस तेवापासून टीव्ही पण लागना नाय.' वाद घालू नका, रिमोटचे सेल बदलून या. सेलचे पैसेही तुमचेच.

आता कमाई. चहा, कोकम सरबत, दोन नारळ आणि मोसमात एक कापा फणस, एवढं नक्की सुटतं. रोख हवी असेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून द्या. जुनं मशीन त्याने खरोखरच पळायला लागतं. फक्त ती आधी स्वतःच्या खिशातून आणावी लागते. पैसे काजू विकले की मिळणार असतात. काजूला भाव नसतो, मग आंब्यावर. आंबा मोहोरातच गळतो, मग गणपतीत मुंबईहून मुलगा आला की. मुलगा येतो, पाटावर बसल्याबसल्या एसएसडीची किंमत विचारतो आणि म्हणतो, 'लॅमिंग्टन रोडला निम्म्यात मिळते.' आता ही ठगी कुणी केली, याचा निकाल आरतीआधीच लागतो.

तरीही चिकाटी सोडू नका. शिमग्यात पालखी नाचवून माणसं खुशीत असतात, तेव्हा दारात जाऊन सहज विषय काढा. तात्या मोकळेपणाने हसतील, पुढ्यात खुर्ची सरकवतील आणि म्हणतील, 'बरा झाला. आता इलंसच तर जरा तो प्रिंटर पण बघ.'