माशीच्या जनुकांवरून मुलांचं भवितव्य सांगणाऱ्या मजकुराला उत्तर

'स्वभावाला औषध नाही' हे आता विज्ञानाने सिद्ध केलं आहे, असं सांगणारा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. फळमाशीचं एक जनुक बदललं की तिचं सगळं वागणं बदलतं. हे वागणं तिला कुणी शिकवत नाही, म्हणजे ते जनुकांतच लिहिलेलं असतं आणि ते बदलत नाही. माणसाची आणि माशीची बरीच जनुकं सारखी आहेत. तेव्हा मुलांच्या स्वभावावर घराचा, शाळेचा, संगतीचा परिणाम नाममात्र असतो, मूल जसं जन्मतं तसंच राहतं.

हा मजकूर मला घातक वाटतो, कारण त्याची सुरुवात खऱ्या प्रयोगांपासून होते. साफ खोटी गोष्ट लोक दोन प्रश्न विचारून बाजूला सारतात. अर्धवट खरी गोष्ट मात्र पालकांच्या सभेत, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या बैठकीत विज्ञान म्हणून सांगितली जाते. म्हणून त्याच प्रयोगांची उरलेली अर्धी गोष्ट इथे सांगतो. माशी तीच, पिकलेल्या केळ्यांभोवती चिलटांसारखी घोंगावणारी ड्रोसोफिला मेलानोगास्टर. गुणसूत्रांच्या चार जोड्या, सुमारे १४ हजार जनुकं, मेंदूत साधारण १ लाख ४० हजार चेतापेशी. अंड्यापासून पूर्ण वाढलेली माशी व्हायला, २५ अंश तापमान असेल तर, दहाएक दिवस पुरतात.

पहिला मुद्दा: एका जनुकाने सगळं वागणं ठरतं. इथे बोट दाखवलं जातं ते 'फ्रूटलेस' या जनुकाकडे, आणि त्या जनुकाची ताकद मी मुळीच नाकारत नाही. नर माशीचं प्रणयाराधन हा ठरलेल्या क्रमाचा विधी असतो. तो मादीकडे तोंड करतो, तिच्या मागे जातो, पुढच्या पायाने तिला हलकेच स्पर्श करतो, एक पंख बाहेर काढून थरथरवतो आणि त्या कंपनातून गाणं निघतं. कोशातून बाहेर पडल्यापासून एकट्या कुपीत वाढलेला, दुसरी माशी कधीही न पाहिलेला नरसुद्धा हे सगळं बिनचूक करतो. १९६३ मध्ये के. एस. गिल यांनी अशा उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, नरांची नोंद केली, की जे माद्यांइतकंच नरांच्याही मागे लागत. पुढे कळलं की या जनुकाच्या संदेशाची जुळणी, म्हणजे त्या संदेशाचे तुकडे जोडणं, नरात एका प्रकारे होते आणि मादीत दुसऱ्या प्रकारे. २००५ मध्ये व्हिएन्नात एब्रू देमिर आणि बॅरी डिक्सन यांनी माद्यांमध्ये ही जुळणी नरासारखी करून दाखवली, आणि त्या माद्या इतर माद्यांपुढे नरासारखं प्रणयाराधन करू लागल्या. त्या वर्षी जगभर मथळे झळकले. फिरणारा मजकूर इथेच थांबतो.

२०१४ मध्ये यूफेंग पान आणि ब्रूस बेकर यांनी उलटा प्रश्न विचारला. ज्या नरांमध्ये या जनुकाचं नर-रूप बनतच नाही, त्यांचं काय होतं? एकटे वाढवले तर उत्तर अपेक्षेप्रमाणेच येतं, ते मादीकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण तेच नर इतर माश्यांसोबत एकत्र ठेवले, की प्रणयाराधन करू लागतात. ज्या माश्यांसोबत ते राहिले, त्यांच्याच मागे ते जाऊ लागतात, मग त्या माश्या नर असोत, मादी असोत, वेगळ्या जातीच्या असोत. शिकलेलं हे वागणं किमान आठवडाभर टिकतं. माशीचं आयुष्य आठवड्यांत मोजतात हे लक्षात घेतलं, तर ही काही थोडीथोडकी आठवण नव्हे. या शिकण्याला 'डबलसेक्स' नावाचं दुसरं जनुक लागतं.

म्हणजे झालं काय? ज्या जनुकाला वागण्याचा एकमेव मालक म्हटलं, ते काढून टाकल्यावरही तेच वागणं सहवासातून उभं राहिलं, आणि सहवासातून शिकण्याची सोयही दुसऱ्या जनुकानेच करून ठेवली होती. जनुक एकीकडे, परिस्थिती दुसरीकडे आणि दोघांची कुस्ती चाललेली, हे चित्रच इथे मोडतं. परिस्थिती आपला परिणाम जनुकांच्या हातूनच घडवते. हे एवढं कळलं की त्या मजकुराचे पुढचे बहुतेक मुद्दे आपोआप ढिले पडतात.

दुसरा मुद्दा: उपजत वागणं आयुष्यभर बदलत नाही. धडधाकट, कुठलाही बदल न केलेल्या नराचं उदाहरण घेऊ. एकदा समागम झालेली मादी नव्या नराला झिडकारते. अशा मादीसोबत नराला तासभर ठेवलं, तर त्यानंतर तो इतर माद्यांपुढेही, अगदी तयार असलेल्या माद्यांपुढेही, पुष्कळ कमी प्रणयाराधन करतो. रिचर्ड सीगल आणि जेफ्री हॉल यांनी हे १९७९ मध्ये दाखवलं, आणि परिणाम दोन-तीन तास टिकला. स्मरणाच्या जनुकात दोष असलेल्या नरांवरून मात्र तो लवकर ओसरला. जगातलं बहुधा सगळ्यात उपजत समजलं जाणारं वागणं तासाभराच्या नकाराने बदलतं. मग 'उपजत म्हणजे अढळ' हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

झोपेजागेचं चक्रही या मजकुरात हमखास येतं. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी 'पिरियड' जनुकाचे तीन प्रकारचे उत्परिवर्तित वाण शोधले. एकाचं दैनंदिन चक्र १९ तासांचं, एकाचं २८ तासांचं आणि एकाला चक्रच नाही. याच जनुकाच्या पुढच्या कामासाठी हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. जनुकाचा प्रभाव याहून स्पष्ट दिसणं अवघड, हे कबूल. पण हे चक्र रोज जुळवून देतो तो उजेड. प्रकाश पडला की चक्र चालवणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचा नाश होतो आणि माशीचा दिवस बाहेरच्या दिवसाशी जुळतो. तापमानाचंही तसंच आहे. गारठ्यात 'पिरियड'च्या संदेशाची जुळणी बदलते आणि माशीची संध्याकाळची लगबग लवकर सुरू होते. गरमीत ती दुपार निवांत काढून उशिरा बाहेर पडते. तीच माशी, तेच जनुक, ऋतूप्रमाणे वेगळी दिनचर्या.

आपल्या मुंबईचाही या विज्ञानात मोठा वाटा आहे, आणि तो मराठी वाचकांपुढे फारसा येत नाही याची मला खंत वाटते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी १९६० च्या दशकात रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. १९७६ मध्ये सिद्दीकी आणि बेंझर यांनी तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या चेतासंस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. या माश्यांतला 'पॅरालिटिक' नावाचा वाण नेहमीच्या तापमानात अगदी साधा वागतो. चालतो, उडतो, खातो. तापमान २९ अंशांवर गेलं की जागच्या जागी कोसळतो, आणि थंडावा मिळाला की उठून चालू लागतो. दोष जनुकात आहे, शंकाच नाही. पण तो वागण्यात दिसेल की नाही, हे त्या क्षणाची हवा ठरवते. सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी त्याच संस्थेत माशीच्या वास आणि चवीच्या जनुकांवर जे काम केलं, त्यावर पुढे कित्येक प्रयोगशाळांनी आपलं काम उभारलं.

तिसरा मुद्दा: आक्रमकतेचं जनुक सापडलं आहे. नर माश्या भांडतात हे खरं. खाण्याच्या जागेवरून आणि मादीवरून त्या पंख उभारतात, एकमेकांवर झेप घेतात, पुढच्या पायांनी ढकलाढकली करतात. २००६ मध्ये हर्मन डिअरिक आणि राल्फ ग्रीनस्पॅन यांनी दर पिढीत जास्त भांडखोर नर निवडत २१ पिढ्या वाढवल्या आणि खूपच आक्रमक वाण तयार झाला. त्याची शांत वाणाशी तुलना केल्यावर वेगळ्या पातळीवर चालणारी काही जनुकं दिसली, त्यांत एक होतं 'सिप६ए२०'. मजकुरात 'आक्रमकतेचं जनुक' म्हणून मिरवतं ते बहुधा हेच.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, डेव्हिड अँडरसन यांच्या प्रयोगशाळेने साध्या माश्या घेतल्या. काही नर एकटे वाढवले, काही कळपात. एकटे वाढलेले नर पुष्कळ जास्त भांडले, कळपात वाढलेले शांत निघाले. या शांतपणामागे कोणतं जनुक आहे ते शोधलं तेव्हा पुन्हा 'सिप६ए२०'च समोर आलं. सोबत मिळालेल्या नरांत ते जास्त चालू होतं, एकट्या नरांत कमी. ते निकामी केलं की माशी अधिक भांडखोर होते आणि सहवासाचा शांत करणारा परिणामही घटतो. २१ पिढ्यांच्या निवडीने ज्या जनुकावर खूण उमटवली, त्याच जनुकाला काही दिवसांची सोबतही हलवते. एवढा देखणा निकाल मी माशीच्या संशोधनात क्वचितच पाहिला आहे. तो 'सगळं रक्तात असतं' याचा पुरावा म्हणून कसा फिरू शकतो, हे मला समजत नाही. शिवाय हे जनुक भांडणाची आज्ञा देतच नाही. ते गंध ओळखणाऱ्या केसांजवळच्या साहाय्यक पेशींत काम करतं. म्हणजे समोरचा कसा जाणवतो याच्याशी त्याचा संबंध असावा. आक्रमकतेत फरक असलेल्या वाणांची तुलना केली तर शेकडो जनुकांच्या पातळ्या वेगळ्या निघतात, त्यांतलं हे एक.

चौथा मुद्दा टक्केवारीचा: वागणं इतके टक्के जनुकांमुळे, इतके टक्के परिस्थितीमुळे, आणि जनुकांचा वाटा मोठा. हा हिशेबच मुळात चुकीचा आहे. भाकरी किती टक्के पिठाने झाली आणि किती टक्के तव्याने, हे सांगता येत नाही. संशोधक टक्के काढतात ते एका ठरावीक समूहात, ठरावीक परिस्थितीत, व्यक्तींमधल्या फरकाचे. परिस्थिती बदलली की आकडा बदलतो. टोरंटोच्या मार्ला सोकोलोव्स्की यांचं काम इथे पाहावं. त्यांनी १९८० च्या सुमारास अळ्यांचे दोन नैसर्गिक प्रकार दाखवले. एक खाताना दूरवर भटकणारा, दुसरा जागेवर बसून खाणारा, आणि फरक मुख्यतः 'फोरेजिंग' या एका जनुकातला. पण खाणं काढून घ्या. दोन्ही प्रकारच्या अळ्या सारख्याच फिरतात. आता जनुकाचा वाटा किती टक्के सांगायचा? खाद्यावर ठेवल्यास भरपूर, खाद्याविना जवळपास शून्य. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. कोणता प्रकार टिकतो हेही परिस्थितीवरच आहे. पिढ्यानपिढ्या दाटीत वाढवलं तर भटक्या अळ्यांची सरशी होते, मोकळ्या जागेत बैठ्यांची.

पाचवा मुद्दा पटकन उरकता येतो: जनुकं सारखी तर वागणं सारखं. हार्वर्डमध्ये बेंजामिन द बिव्होर यांच्या गटाने २०१५ मध्ये जनुकदृष्ट्या जवळपास एकसारख्या, एकाच प्रकारे वाढवलेल्या माश्यांना फाटे फुटणाऱ्या वाटांवर सोडलं. काही माश्या सतत डावीकडे वळत राहिल्या, काही उजवीकडे, आणि ज्याची त्याची सवय टिकून राहिली. डाव्या वळणाच्या माश्यांची पिल्लं डावीकडेच वळली का? नाही. इथे जनुकही नाही आणि वाढवण्याची पद्धतही नाही. मेंदू घडताना होणारे यादृच्छिक बारीक फरक उरतात, आणि त्या मजकुरात या तिसऱ्या घटकाचा पत्ताच नाही.

उरला शेवटचा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा: माशीची जनुकं माणसासारखी, म्हणून मुलांवर मेहनत घेणं व्यर्थ. माणसात आजारांशी संबंधित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांची जुळी रूपं माशीत आहेत, हे खरं. पण त्या साम्यात नेमकं काय आहे, ते पाहा. बेंझर यांच्या प्रयोगशाळेत १९७४ मध्ये माश्यांना वास आणि विजेचा झटका यांचा संबंध शिकवला गेला आणि माश्या तो वास टाळायला शिकल्या. १९७६ मध्ये तिथेच 'डन्स' हा न शिकणारा वाण जाहीर झाला. पुढे उलगडलं की 'डन्स' जनुक चक्रीय एएमपी या, पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या रेणूची विल्हेवाट लावतं. हाच रेणू सागरी गोगलगायीच्या स्मृतीतही कळीचा आहे, हे एरिक कँडेल यांनी दाखवलं, आणि २००० च्या नोबेलमध्ये त्या कामाचा समावेश होता. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही स्मृती घडताना तीच यंत्रणा वापरली जाते.

म्हणजे माशी आणि माणूस यांच्यात जे सामायिक आहे, त्यात अनुभवातून बदलण्याची यंत्रणा ठळकपणे आहे. जनुकांच्या साम्यावरून मुलांबद्दल काही म्हणायचंच असेल, तर ते हे, की शिकण्याची सोय आपल्याला फार जुन्या वारशाने मिळालेली आहे. आणि नुसत्या साम्यावरून एवढंच निघतं. माणसाच्या मुलाचा मेंदू वर्षानुवर्षं घडत राहतो, तो भाषेत, घरात, वर्गात, मित्रांत घडतो. स्वभावातल्या फरकांमागे हजारो जनुकांचा प्रत्येकी चिमूटभर वाटा असतो. माशीच्या कुपीतून मुलाच्या भवितव्याचा निकाल काढता येत नाही. एखाद्या शिक्षकाने हा मजकूर वाचून मागच्या बाकावरच्या चिडक्या मुलाचा नाद सोडला असेल, तर त्याने अँडरसन यांच्या प्रयोगातले ते एकटे वाढलेले नर एकदा पाहावेत. त्यांच्यात आणि कळपातल्या शांत नरांत जनुकांचा फरक नव्हता, फरक सोबतीचा होता.