एफडीतला पैसा म्हणजे धंद्याला रामराम नव्हे

खान्देशातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: एकच मोठं गिऱ्हाईक असलेल्याचा माल हमखास खपतो, तरी तो एफडी, म्युच्युअल फंडात पैसे टाकतो, म्हणजे त्याचं धंद्यातून मन उडालंय. हे साफ चूक आहे.

जळगावातला चटईचा एखादा कारखाना बघा. २५ किलोच्या गोण्यांतून प्लॅस्टिकचा दाणा, म्हणजे कच्चा माल, उतरतो. दाणा बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच, त्यामुळे भाव त्यांचा. तयार माल मात्र एकाच घाऊक व्यापाऱ्याकडे उधारीवर जातो. त्याने महिनाभर हात आखडला की मजुरी, वीजबिल, बँकेचा हप्ता सगळंच अडतं. म्हणून मालक नवं मशीन लांबणीवर टाकतो आणि हवी तेव्हा मोडता येईल अशी एफडी करतो. ही तजवीज आहे, पळवाट नाही. कित्येकांचा पैसा तर उधारीतच इतका अडकतो की गुंतवायला काही उरतच नाही.

कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण ज्याच्यावर चूल पेटते त्याच्याविरुद्ध तक्रार करायला हात धजावत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

काळजी वाटते ती दुसऱ्यांची. नफा चेपला गेला म्हणून काही जण खेळतं भांडवल शेअरमध्ये घालतात. मंदीत शेअर पडतात, आणि गिऱ्हाईकही तेव्हाच पैसे थकवतं.