फ्रिजला भोक पाडण्याआधी हे वाचा

‘घरी बियर करायला फ्रिज-कंट्रोलरची थेरं कशाला, गोव्याची हवाच पुरेशी’ असा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. बियर आंबताना फार तापू नये म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवतात आणि तापमान बघून फ्रिज चालू-बंद करायला कंट्रोलर लावतात, त्यावरची ही टीका. मी तो वाचून सोडून दिला होता. पण परवा म्हापशाहून भाच्याचा फोन आला, “मामा, जुन्या फ्रिजला बाजूने भोक पाडतोय, तुझं ड्रिल पाठवशील?” आता गप्प बसणं शक्य नाही.

भोकापासूनच सुरुवात करतो. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर बियर बिघडेल, ह्याने माणूस भाजेल. मेसेज म्हणतो, फ्रिज वापरायचाच असेल तर बाजूच्या पत्र्याला भोक पाडून तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर आत घ्या, आतला थर्मोस्टॅट काढून टाका आणि वायरी थेट जोडा. अहो, त्या पत्र्याच्या आत काय आहे ते तरी बघा! बऱ्याच फ्रिजना मागे जाळी दिसत नाही, कारण उष्णता बाहेर टाकणारी कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. चालू फ्रिजची बाजू हाताला गरम लागते ती त्यामुळेच. ड्रिल त्या नळीत घुसलं की गॅस बाहेर. जुन्या फ्रिजात आर-134ए असेल तर तो पेट घेत नाही, फ्रिज तेवढा भंगारात जाईल. पण हल्लीच्या कितीतरी घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. दारं-खिडक्या बंद, हातात ठिणग्या टाकणारं ड्रिल, आणि समोर हा वायू. कुठला गॅस आहे ते फ्रिजच्या किंवा कंप्रेसरच्या लेबलवर छापलेलं असतं. ते वाचा असं सांगायचंही मेसेजवाल्याला सुचलेलं नाही.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? प्रोबची, म्हणजे त्या सेन्सरची, वायर बारीक असते. दाराच्या रबरावरून ती आत घेतली आणि दार लावलं की रबर तिच्याभोवती दबून बसतं. भोक लागतच नाही. थर्मोस्टॅटलाही हात लावायचं कारण नाही. तो सगळ्यात थंडवर ठेवायचा आणि फ्रिजचा प्लग कंट्रोलरच्या सॉकेटात लावायचा. वीज कधी द्यायची, कधी तोडायची ते कंट्रोलर बघतो. एसटीसी-1000 सारख्या स्वस्तातल्या कंट्रोलरला दोन रिले, म्हणजे आपोआप चालणारी बटणं, असतात, एक थंड करायला, एक गरम करायला. गोव्यात दुसऱ्याला फारसं काम नसतं. कंप्रेसर बंद पडल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी किती मिनिटं थांबायचं तेही त्यात 1 ते 10 पर्यंत ठरवता येतं. 5 ठेवा, कंप्रेसर जास्त टिकेल. कंट्रोलरची जोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंगसकट करून घ्या. प्रोब ‘आत हवेत लोंबकळत ठेवा’ हेही चूक. हवा पटकन थंड होते, फर्मेंटरमधले, म्हणजे बियर आंबवायच्या भांड्यातले, 20 लिटर होत नाहीत. प्रोब फर्मेंटरच्या अंगाला चिकटपट्टीने लावा आणि वरून फोमचा तुकडा बांधा.

‘गरमीत यीस्ट जोमाने काम करतं.’ करतं, कोण नाही म्हणतंय? पण एल नावाच्या बियरच्या नेहमीच्या यीस्टला साधारण 18 ते 22 अंश मानवतात, थंडीत आंबणाऱ्या लागर बियरच्या यीस्टला तर 8 ते 13. मे महिन्यात पणजीत रात्रीसुद्धा पारा 26 च्या आसपास असतो. त्यात आंबताना वर्ट, म्हणजे बियर व्हायच्या आधीचा बार्लीचा गोड काढा, स्वतःच तापतं, खोलीपेक्षा तीन-पाच अंश सहज वर जातं. अशा उकाड्यात यीस्ट जड अल्कोहोलं आणि इथाइल अ‍ॅसिटेट सोडतं. मग ग्लासातून नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं लागतं. एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: नॉर्वेतलं क्वाइक नावाचं यीस्ट 35 अंशांच्या वरही साफ बियर देतं. पण मेसेजमध्ये त्याचं नाव कुठे आहे? तिथे सरसकट ‘कुठलंही यीस्ट’ लिहिलंय. शिवाय वास बिघडतो तो मुख्यतः पहिल्या तीन दिवसांत. नंतर तापमान थोडं चढलेलं चालतं, उलट बरंच असतं.

‘पूर्वी कुठे होते फ्रिज?’ हा सगळ्यांचा लाडका मुद्दा. पूर्वी फ्रिज नव्हते म्हणून उन्हाळ्यात बियरच करत नसत! बव्हेरियात 1553 साली हुकूमच निघाला की 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बियर गाळायची नाही, आणि तो 1850 पर्यंत टिकला. तेही आल्प्सच्या पायथ्याशी, जिथल्या उन्हाळ्याला आपण हिवाळा म्हणू. पुढे 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडेंनी शीतयंत्र बनवलं, तेव्हा त्याला पैसा आणि जागा पुरवणाऱ्यांत म्युनिकची श्पाटेन ब्रुअरी होती. बियरवाल्यांना थंडीची गरज किती होती ते ह्यावरून समजा.

मग फेणीचं काय, असं कुणी विचारेलच. काजूचा रस ऐन उन्हाळ्यात उघड्यावर आंबतो हे खरं. पण तो कुणी तसाच पीत नाही, भट्टीवर चढवतो. आधी हुर्राक निघते, मग फेणी. आणि फेणीला तो उग्र वास हवाच असतो. बियरला नको असतो.

फर्मेंटरला ओलं गोणपाट गुंडाळलं की ‘दहा अंश उतरतात’ म्हणे. नागपुरात मे महिन्यात उतरतीलही, म्हणून तिथे कूलर चालतो. आपल्याकडे हवाच ओलीचिंब, पाणी सुकणार कसं? पावसाळ्यात तर गोणपाटाला बुरशी येईल. त्यापेक्षा टबात पाणी भरून त्यात फर्मेंटर ठेवा आणि बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. कटकट आहे, पण फ्रिज नसेल तर निभावतं.

शेवटी ‘गरमीत मिथेनॉल उडून जातं, फ्रिजमध्ये ते साठतं’. मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, उकळतं 64.7 अंशांना, आणि तेवढ्या तापमानात यीस्टच मरतं. मुळात मिथेनॉल येतं फळांतल्या पेक्टिनपासून. बार्लीत पेक्टिन नगण्य, म्हणून बियरमध्ये मिथेनॉल नावापुरतंच असतं, फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर अंगणात. मुंबईत मालवणीला 2015 साली शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. तिथे कुणी काही थंड किंवा गरम आंबवल्याचा प्रश्नच नव्हता.