बोर्डावर रिटायर्ड कलेक्टर आहेत, म्हणून पैसे सेफ?

कोल्हापुरातल्या निम्म्या तालमींच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. एलईडी दिवे बनवणाऱ्या एका कंपनीचा. वर 'आमचे नेतृत्व' म्हणून सहा फोटो: निवृत्त सनदी अधिकारी, सरकारी बँकेचे माजी जनरल मॅनेजर, परदेशात शिकलेले इंजिनिअर, प्रकाश उद्योगात २५ वर्षं काढलेले संस्थापक वगैरे. खाली मजकूर असा: एवढी मोठी माणसं संचालक असताना पैसे बुडतीलच कसे? सर्व संचालकांकडे सरकारमान्य डीआयएन नंबर (संचालकाचा ओळख क्रमांक) आहे. स्वतंत्र संचालक (कंपनीत हितसंबंध नसलेले, बाहेरचे) तुमच्या पैशाचे राखणदार आहेत, तोटा झाला तर ते वैयक्तिक जबाबदार. बल्बला बीआयएस (भारतीय मानक ब्युरोची नोंदणी) आहे. लिस्टिंगच्या (शेअर बाजारात नोंद होण्याच्या) आधीचे शेअर, किमान ५० हजार, थोडेच शिल्लक, लगेच फोन करा.

असले मेसेज मी उघडतही नाही. पण हा आमच्या थोरल्या मामांकडे पोचला. मामांनी उभा जन्म शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डिंगला काढला, आता फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात आलेत. मी फोन केला तर मलाच झापलं. "आरं, रिटायर्ड कलेक्टर बसलाय तितं. तुला काय त्यास्नीपेक्षा जास्त कळतंय?" मी सीएच्या ऑफिसात कंपन्यांचे फॉर्म भरायचं काम करतो. त्यामुळे मामा, या एका विषयात थोडं कळतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तिचे दिवे चांगलेही असतील. माझं भांडण त्या मेसेजशी आहे.

आधी ते फोटो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कुठल्याही कंपनीचा मास्टर डेटा फुकट बघता येतो. कंपनी कधी स्थापन झाली, भांडवल किती भरलंय, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, संचालक कोण, सगळं तिथे असतं. या कंपनीचा उघडला. संचालक दोन. प्रायव्हेट लिमिटेडला कायद्याने किमान दोन लागतात, तेवढेच. दोघांचं आडनाव एक. कलेक्टरसाहेब नाहीत, बँकेचे जनरल मॅनेजर नाहीत, परदेशी शिकलेले इंजिनिअरही नाहीत. मग फोटो मोठा करून पाहिला, तर चौघांच्या नावाखाली मुंगीच्या अक्षरात 'मार्गदर्शक' छापलंय. कंपनी कायद्यात मार्गदर्शक नावाचं पदच नाही. त्याला बोर्डाच्या बैठकीत मत नाही, ताळेबंदावर त्याची सही नाही, उद्या काही झालं तर कोर्टाची नोटीस त्याच्या दारात येत नाही. खासबागेत हिंदकेसरी पाहुणे म्हणून खुर्चीवर बसले, म्हणून आखाड्यातल्या पोराची पाठ लागायची थांबते का?

बरं, घटकाभर धरून चालू की सगळे खरोखर बोर्डावर आहेत. मग हैदराबादची आयटी कंपनी सत्यम कॉम्प्युटर आठवा. त्या कंपनीच्या बोर्डावर भारत सरकारचे माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद होते. कलेक्टरच काय, देशातल्या सगळ्या सनदी अधिकाऱ्यांच्या वरची खुर्ची ती. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक कृष्णा पलेपू होते. पेंटियम चिपचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम होते. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन राममोहन राव होते. उत्तम कारभाराबद्दल २००८ साली कंपनीला गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला. आणि ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की हिशेबात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नाही.

त्याच पत्रात राजूंनी असंही लिहिलं की बोर्डावरच्या आजी-माजी सदस्यांपैकी कुणालाही याची कल्पना नव्हती. म्हणजे इतकी हुशार माणसं टेबलाभोवती बसत होती आणि त्यांच्यासमोर येणारे आकडे खोटे होते. कायद्याने बोर्डाच्या बैठका वर्षाला किमान चार. समोर कागद ठेवणार मॅनेजमेंट, तपासणार ऑडिटर. बाहेरून येणारा संचालक कितीही सचोटीचा असला तरी त्याला दिसतं ते दाखवलेलंच. ही तर शेअर बाजारात नोंदलेली, हजारो डोळ्यांखालची कंपनी होती. आपण बोलतोय ते दोन संचालकांच्या प्रायव्हेट लिमिटेडबद्दल.

डीआयएनवर जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, फॉर्म, झाला नंबर. मी स्वतः असे फॉर्म भरतो. सरकार त्या माणसाची लायकी तपासत नाही, फक्त त्याची नोंद ठेवते. २०१७ मध्ये सरकारने तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवलं, कारण त्यांच्या कंपन्यांनी सलग तीन वर्षं वार्षिक हिशेबच दाखल केले नव्हते. त्या सगळ्यांकडे डीआयएन होता.

स्वतंत्र संचालक तोटा खिशातून भरतात, ही थाप मात्र ज्याने लिहिली त्याला दंडवत. एक तर प्रायव्हेट लिमिटेडला स्वतंत्र संचालक नेमायची सक्तीच नाही. ती सक्ती शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आणि ठरावीक मोठ्या पब्लिक कंपन्यांना आहे. दुसरं, कंपनी कायदा २०१३ चं कलम १४९ नेमकं उलट सांगतं. स्वतंत्र संचालक जबाबदार कधी? त्याच्या माहितीने, संमतीने किंवा संगनमताने काही गैर झालं तर, किंवा त्याने हयगय केली तर. धंदा बसला, टेंडर गेलं, माल परत आला, यासाठी कुणीही संचालक तुमचे ५० हजार आणून देत नाही. शेअर घेतला म्हणजे तुम्ही मालकीत भागीदार झालात. कंपनी गुंडाळली तर कामगार, बँका आणि बाकीचे देणेकरी आधी, भागधारक सगळ्यात शेवटी.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. कंपनी कोण चालवतो याने फरक पडतो. रोजच्या कारभारात दिव्यांचं कळणारा माणूस हवाच. एलईडीची चिप वर्षानुवर्षं टिकते, पण आतला ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारं सर्किट, उष्णतेने आणि व्होल्टेजच्या उसळीने आधी मरतो. गॅरंटीत परत येणारा माल कंपनीला खातो. हे ज्याने भोगलंय तो खरेदी जपून करतो. तेव्हा संस्थापकांची २५ वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण २५ वर्षं म्हणजे त्यातली पहिली बरीचशी ट्यूबलाइट आणि सीएफएलची. सरकारी खरेदीत एलईडी बल्बचा दर २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. मालाची किंमत अशी आठव्या हिश्शावर येते त्या धंद्यात अनुभवी माणसंही पोळली. अनुभवाने धंदा नीट चालायची शक्यता वाढते. मेसेज शक्यतेचं नाव काढत नाही, खात्री विकतोय.

बीआयएसचं एका ओळीत: ती नोंदणी एलईडी बल्बला सक्तीचीच आहे, ती त्या वस्तूच्या सुरक्षिततेची आहे, आणि परदेशातल्या कारखान्यालाही ती घ्यावी लागते. कंपनीच्या शेअरशी तिचा काडीचा संबंध नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. संचालक देवमाणसं असोत नाहीतर कसेही असोत, हा मेसेज पाठवणंच कायद्यात बसत नाही. प्रायव्हेट कंपनीला जनतेला शेअर घ्यायचं आमंत्रण देता येत नाही, हे तिच्या व्याख्येतच लिहिलंय. निवडक लोकांना शेअर द्यायचे तर कलम ४२ चा रस्ता आहे: आधी ठरवलेल्या माणसांना नावानिशी लेखी ऑफर, एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना, पैसे फक्त बँकेतून, रोख नाही. शिवाय जाहिरात करायची नाही, एजंटांमार्फत लोकांमध्ये प्रचार करायचा नाही, हे त्याच कलमात स्पष्ट आहे. तालमीच्या ग्रुपवर 'थोडेच शिल्लक' म्हणून फिरणारा मेसेज यातल्या कुठल्या अटीत बसतो, ते फॉरवर्ड करणाऱ्याने सांगावं. बोर्डावर खरोखर एखादा कायदा जाणणारा निवृत्त अधिकारी असता, तर त्याने पहिल्यांदा हाच मेसेज थांबवला असता.

फोनवर त्या एजंटाने मामांना आणखी एक सांगितलं. लिस्टिंग होईपर्यंत दरमहा दोन टक्के 'परतावा' मिळेल. म्हणजे आता हा शेअरही राहिला नाही, ही ठेव झाली. लोकांकडून अशा ठेवी कुणीही उठून घेऊ शकत नाही. २०१९ च्या केंद्राच्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीच आहे आणि महाराष्ट्रात ठेवीदारांसाठीचा वेगळा कायदा १९९९ पासून आहे.

ज्यांनी अजून पैसे दिले नाहीत त्यांनी एजंटाकडे तीनच गोष्टी मागाव्यात: कंपनीचा सीआयएन नंबर (कंपनीचा नोंदणी क्रमांक), स्वतःच्या नावाने काढलेलं ऑफर लेटर, आणि कंपनीच्या नावाचं बँक खातं. व्यक्तीच्या नावाचं खातं किंवा क्यूआर कोड पुढे केला तर फोन ठेवावा. ज्यांनी दिलेत त्यांनी मेसेज, पावती, एजंटाचा नंबर, खात्यातली नोंद यातलं काहीही डिलीट करू नये. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर करता येते, जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत करता येते, आणि कंपनी आपल्या भागात नोंदलेली असेल तर पुण्याच्या कंपनी निबंधकांकडेही. लिस्टिंगची वाट बघत बसू नका. खाती गोठवायची तर त्यात पैसे शिल्लक असावे लागतात.