निव्वळ कातळ?

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. आमच्या राजापूरकडचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, त्यावर जेसीबी, आणि मागून प्लॉट विकणाऱ्याचा उत्साही आवाज : "निव्वळ कातळ आहे, सपाट करून देऊ, समोर समुद्र!" खाली आमच्याच माणसांचे अंगठे. डोकं फिरलं माझं.

निव्वळ कातळ? लहानपणी मामाने मला अशाच एका सड्यावर नेलं होतं. मे महिन्याचं ऊन, आणि हा म्हणतो, "गो, चपला काढ. पांडवांनी काढलेलं आहे हे." मला आधी काहीच दिसेना. मग त्याने बाटलीतलं पाणी ओतलं. खाचेतून पाणी धावत गेलं आणि डोळ्यांदेखत मासा उमटला, शेपटीपासून तोंडापर्यंत.

पांडवांनी नसेल काढला. अभ्यासक ही कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर कोरलेली चित्रं, हजारो वर्षांपूर्वीची मानतात. कशेळीचा हत्ती बघा, सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. कुठे गेंडा आहे. कोकणात आज गेंडा कुठून आणणार? बारसूला दोन वाघांसारख्या प्राण्यांच्या मधोमध माणूस उभा आहे. 2022 मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा याच ग्रुपवर अभिमानाचे मेसेज फिरले होते! यादीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा मिळून मोजकी नऊ ठिकाणं. मामाचा मासा त्यात नाही. त्याच्यावरून जेसीबी गेला तर कुणाला कळणारसुद्धा नाही.

रोजगार हवा, मान्य. घरं चिऱ्याचीच, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यांचीच बांधतो, चिरेखाणी लागणार, तेही मान्य. पोरं मुंबईला आणि म्हातारी माणसं गावात एकटी, मग जमीन विकली जाते. त्यांच्यावर माझा राग नाही. खरंच नाही.

पण सड्यावरचं पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं आणि खालच्या वाडीच्या विहिरींना उतरतं, हे गावात कुणाला सांगावं लागतं का? श्रावणात तिथे फुलं येतात, डबक्यांत बेडूक ओरडतात. सातबाऱ्यावर मात्र पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी.

मामा शाळा फारशी शिकला नव्हता. तरी चपला काढायला लावल्या त्याने.

चिरेखाणीला किंवा प्लॉटला परवानगी देण्याआधी सड्याची पाहणी झालीच पाहिजे, गावातल्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन. गुराख्यांना विचारा, त्यांना प्रत्येक चित्र ठाऊक असतं. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. राजापूर, लांजा, देवगडकडचे जे कुणी हे वाचताय, आपापल्या गावात द्या. अर्जाचा मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, आज रात्रीच लिहायला बसतेय.