लेकरू घरी आणायच्या आधी साहेबांना विचारलं का?

आई-बाप व्हायचा विचार चाललाय? मग भो, डॉक्टर राहू द्या, डिंक-खोबऱ्याचं पण नंतर बघू, आधी कंपनीच्या मस्टरवर माणसं किती आहेत ते गुपचूप मोजून या. ५० झाली की पाळणाघराची सोय करावी लागते, असा कायदा आहे ना, म्हणून आमच्या जळगाव एमआयडीसीत काही ठिकाणी आकडा ४९ ला येऊन असा थांबतो जशी भुसावळच्या आउटरला गाडी, सिग्नल काही पडत नाही ब्वा.

बायांनी आणखी एक करायचं. बाळंतपणाच्या सुट्टीसाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं लागतं, तेव्हा नोकरी लागली रे लागली की सासूबाईंना स्पष्ट सांगा, ८० दिवस नातवाचा विषय काढायचा नाही. पुढे मग मजाच आहे, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांचे २६ केलेत, भरपगारी, पहिल्या दोन लेकरांना. तिसऱ्याला परत १२, बहुतेक तिसरं लेकरू आपलं आपण मोठं होत असावं. आणि बाळंतपणाच्या सुट्टीवर असताना कामावरून काढता येत नाही बरं का! काढत नाहीतच कोणी. ११ महिन्यांचं काँट्रॅक्ट असतं, ते आपोआप संपतं, त्याला कोण काय करणार.

आता दत्तक घेणार असाल तर नीट ऐका, इथे आमचा अनुभव आहे. त्याच दुरुस्तीत दत्तक आईलाही १२ आठवडे दिले, फक्त आमच्या वेळी, २०१९ ला, लेकरू ३ महिन्यांच्या आतलं लागायचं. आता सोडून दिलेलं तान्हं लेकरू संस्थेत आलं की बालकल्याण समिती आधी चौकशी करणार, त्याचे कोणी आहेत का शोधणार, त्यासाठी कायद्यानेच २ महिन्यांची मुदत दिलीय, मग ते दत्तकासाठी मोकळं म्हणून जाहीर होणार, मग पोर्टलवर तुमचा नंबर, मग कागद. म्हणजे एक कायदा म्हणायचा सावकाश घ्या, दुसरा म्हणायचा पळा. आम्ही काय करायचं, तर लेकराला निरोप पाठवायचा, बेटा जरा बारीकच राहा, आम्ही लाइनीत आहोत.

आमची पोरगी २०१९ मध्ये घरी आली तेव्हा ५ महिन्यांची होती. बायकोच्या ऑफिसात एचआरवाले साहेब डाव्या हातात शेवेची पुडी धरून उजव्या हाताच्या बोटांवर मार्च, एप्रिल, मे करत मोजत गेले, पाचव्या बोटाला थांबले, बोट चाटलं आणि म्हणाले, मॅडम, दोन महिने जास्त झाले. जसं काही दूध नासलंय. मग परत, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड लावलं नाही तुम्ही अर्जाला? बायको म्हणे, साहेब, दत्तक. ते म्हणे, ते ठीक आहे, पण डिस्चार्ज कार्ड?

तर तेव्हाचा सल्ला असा की हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि बिनपगारी अर्जावर सही करायची, रडायचं असेल तर पार्किंगमध्ये.

राहिला बाप. बाप केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर १५ दिवस मिळतात, लेकरू दत्तक असलं तरी. खाजगी कंपनीतल्या बापासाठी कायद्यात एक ओळ पण नाही, कंपनीने दिलं तर दिलं, त्यामुळे त्याने बाप झाल्याचं सांगायचंच नाही कोणाला. मी सांगून बसलो. आमच्या मॅनेजर साहेबांनी अर्ज परत सरकवला, म्हणे, तू घरी बसून काय करणार रे, तुला काय टाके पडलेत का?

दुपारी मी दुसरा अर्ज लिहिला. गावी केळी आहे, लाइट रात्रीची आहे, पाणी भरायला माणूस मिळत नाही, ५ दिवस रजा पाहिजे. साहेब पण रावेरकडचेच, वाचताना चेहराच उतरला त्यांचा. पेन काढलं, ५ चे ७ केले स्वतःच्या हाताने, आणि सही करता करता काळजीने विचारलं, यंदा घड किती किलोचा पडतोय?

म्हटलं, साडेपाच.

अरेरे, म्हणे, भलताच हलका. खत-पाण्याकडे बघ जरा, आणि लागलं तर आणखी दोन दिवस थांब.